सुधाकररावांचा हुंकार

आदिलाबादकडच्या मुधोळच्या मंडल कचेरीतले, म्हणजे तहसिलीतले, सुधाकरराव समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नसत. माणसानं दोन शब्द काढले की पुढचे सुधाकरराव पदरचे घालून मोकळे. हेतू वाईट नव्हता. आपण लोकांचे कष्ट वाचवतो अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती. अंदाज निम्म्याहून कमी वेळा खरा ठरे. पण कागद त्यांच्याच टेबलावरून पुढं सरकत असल्यामुळे चुकलेल्या अंदाजांचा हिशेब कुणी मांडत नसे.

"साहेब, माह्या भावानं..." डोमाजीनं सुरुवात केली की,

"बांध कोरला. पहाणीची नक्कल आणा, मोजणीची अर्जी लिवा."

"नाई जी, भावानं सीताफळं धाडली तुमाले."

"मंग टोपलं आधी दाखवाचं ना, बावा!"

चुकले सुधाकरराव आणि ओशाळला डोमाजी. कचेरीत हे असंच चालायचं.

अशा या माणसाला जगभरातले पन्नासेक लोक 'आमच्यातला सगळ्यांत शांतपणे ऐकून घेणारा' म्हणत होते. मुधोळात हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. ते लोक इंटरनेटवर होते आणि साल होतं अठ्ठ्याण्णव.

त्याचं असं झालं. तरुणपणी सुधाकरराव आदिलाबादच्या एका भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात पेटी वाजवत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ऑर्केस्ट्रा मोडला. ढोलक, कोंगो, माईक ज्यानं त्यानं उचलून नेले, आणि कुणालाच नको असलेला व्हायब्राफोन यांच्या वाट्याला आला. टेबलाएवढी चौकट, वर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, पट्ट्यांखाली नळ्या आणि पायाशी पेडल. लोकर गुंडाळलेल्या काड्यांनी पट्टीवर मारायचं. पेडल दाबून धरलं की सूर लांबतो, सोडलं की विझतो. सूर थरथरवणारी मोटर जळून गेलेली. घरी रेणुकाबाईंनी त्यावर गोधड्यांच्या घड्या रचल्या, त्या दहा वर्षं तशाच राहिल्या.

मग जवळच्या निर्मल शहरात एक कम्प्युटर इन्स्टिट्यूट उघडली. तिथला मास्तर हैदराबादला फोन जोडून इंटरनेट दाखवी. सुधाकररावांनी गंमत म्हणून वाद्याचं नाव सांगितलं, आणि मास्तरानं जॅझ व्हायब्राफोन वाजवणाऱ्यांचा एक ई-मेलचा गट शोधून दिला. गोधड्या कपाटावर गेल्या.

दर शनिवारी दुपारची बस धरून ते निर्मलला जात, आठवडाभराच्या चिठ्ठ्या छापून घेत, घरी पारायण करत आणि पुढच्या शनिवारी उत्तर देत. एका हातात दोन काड्या कशा धरायच्या, अर्धंच पेडल कसं दाबायचं, बारा मापांच्या, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांच्या, फेऱ्यात कोणत्या मापावर कोणते सूर एकत्र घ्यायचे, सगळं असं लेखी शिकले. ऐकायला कुणाकुणाच्या कॅसेटी टपालानं येत. तासातासाला उत्तरं फेकणाऱ्या त्या गटात आठवड्यानं येणारं सुधाकररावांचं उत्तर फार विचारी वाटे. लिहिणाऱ्याचा एकेक मुद्दा वाचून दिलेलं. वाक्य मध्येच तोडायची सोयच नव्हती, हे त्या भल्या लोकांना काय माहीत?

त्यांच्यातला लार्स नॉर्वेतला दातांचा डॉक्टर. वर्षाअखेरीस गटाची एक कॅसेट काढायची ठरली, दोघादोघांच्या जोड्यांची. लार्सनं आपणहून सुधाकररावांशी जोडी मागितली. "ऐकणारा जोडीदार हवा," असं त्यानं लिहिलं. तो कागद सुधाकररावांनी रेणुकाबाईंना तीनदा वाचून दाखवला.

"तुमाले म्हनला?" रेणुकाबाई म्हणाल्या. "मंग त्याले मराठी येत नसन."

लार्सची कॅसेट आली. पहिल्या भागात तो एकटा वाजवी; सुधाकररावांनी त्याला मागून आधार द्यायचा. दुसऱ्या भागात तो मागं सरकून आधार देई, वाजवायचं यांनी. सुधाकररावांनी शेजारच्या नागोरावांचा टेपरेकॉर्डर आणला, घरच्या टेपवर लार्स लावला, आणलेल्यावर सगळं भरून घेतलं आणि कॅसेट पाठवून दिली.

महिन्यानं उत्तर आलं. दातांच्या डॉक्टराची भाषा. आधी बधिर करायचं आणि मग उपटायचं. कॅसेट मिळाली, आनंद झाला, पट्ट्यांचा आवाज सुरेख. फक्त पहिल्या भागात आपण स्वतः कुठं सापडलो नाही. आपण एक ओळ सुरू करतो, ती सुधाकरराव पुरी करतात. हरकत नसेल तर आपण गटातल्या ब्राझीलच्या गृहस्थाशी जोडी करावी म्हणतो.

सुधाकररावांना जेवण गेलं नाही. मुधोळात बोलभांड म्हणून नाव होतं, ते त्यांना ठाऊक होतं. पण इथली बदनामी पोचलेली नाही असं जगात एकच ठिकाण होतं, आणि आता टेपनं तिथंही सांगितलं. त्यांनी लार्सला लिहिलं, "एकदा संधी द्या." लार्सनं पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं कबूल केलं.

ते खूप झटले. पण लार्सची ओळ सुरू झाली की पुढची कुठं जाणार ते यांना आधीच कळे, आणि कळलं की हात थांबत नसे.

त्याच दिवसांत त्यांची मावशी मथुराबाई मोतीबिंदू काढून घरी राहायला आलेली. डोळ्याला हिरवी पट्टी, उद्योग काही नाही, म्हणून संध्याकाळी गोष्ट सांगायची. नेहमी हुंकार द्यायला गल्लीतली पोरं जमत. त्या दिवशी कुणी नव्हतं, म्हणून सुधाकरराव बसले.

"गोवाऱ्याची पोर नदीपार देली होती," मावशी सांगू लागली. "तिले आनाले भाऊ निंगाला. नदीपाशी आला, तं..."

"तं नदीले पूर."

मावशी थांबली. "पूर कुठी आला? नदी कोरडी होती. पूर आनू काय तुह्यासाठी?"

"नाई, सांग तू."

"तं तिथं एक म्हतारी..."

"चेटकीन."

"काऊन रे? तुले ठाव हाये तं तूच सांग. हुंकार देनाऱ्यानं आपुन जागं हावो येवढंच कळवाचं. अक्कल नाई दाखवाची."

चुलीपाशी रेणुकाबाई इतक्या हसल्या की भाकर फाटली. मग त्यांनीच तिथून हुंकार द्यायला घेतला. भाकरीची थपथप चालू, लक्ष तव्यावर. पण मावशीनं श्वास घेतला की रेणुकाबाईंचं "हं" हजर. भाऊ वाट चुकला तेव्हा ते "हं" खाली उतरलं. बहिणीचं घर दिसलं तेव्हा "मंग?" पटकन आलं. एरवी काही नाही. आणि गोष्ट कशी सरळ बैलगाडीसारखी गावाला लागली.

जेवण होताच सुधाकररावांनी लार्स लावला आणि दुसरा टेप भरायला सुरू केला. तो ओळ वाजवत होता तोवर काड्या हवेत धरल्या. त्यानं श्वास घेतला, तिथं दोन पट्ट्या हलकेच वाजवल्या. पुन्हा थांबले. हात शिवशिवत होते, ओठ दातांखाली होता. भाग संपला आणि त्यांचा स्वतःचा फेरा आला. त्यांनी पहिली ओळ वाजवली, थोडं थांबले, आणि मागून आवाज आला, "हं."

मावशी! भिंतीला टेकून, पट्टी बांधून, चांगली मांडी घालून बसलेली. दुसऱ्या ओळीनंतर "बरं." तिसरीला "मंग?" सुधाकरराव टेप बंद करणार होते. पण "मंग?" म्हटल्यावर पुढचं सांगणं भागच होतं. ते वाजवत गेले.

दुसऱ्या दिवशी मावशीला नागोरावांकडे बसवून त्यांनी सगळं पुन्हा भरलं. दोन्ही टेप ऐकल्या. दुसऱ्या टेपेत पहिला भाग ठीक होता. पण स्वतःचा फेरा आला की सुधाकरराव एकटेच भडाभडा बोलत सुटलेले.

"म्हतारीवाली धाडा," रेणुकाबाई म्हणाल्या.

"लोक हासतीन."

"मंग दुसरी धाडा. कोनी आयकनारच नाई, तं हासन कोन?"

त्यांनी मावशीवाली पाठवली.

लार्सचं उत्तर गटात सगळ्यांसमोर आलं. या वेळी आपण आपल्याला सापडलो, जोडी कायम. मात्र ती तिसरी व्यक्ती कोण? दवाखान्यात ही कॅसेट लावली तर पेशंट तोंड उघडं ठेवूनच तिच्याबरोबर हुंकार देतात. आणि वर्षाअखेरीच्या कॅसेटवर नावं छापून आली: लार्स, सुधाकर, मथुराबाई.

सुधाकररावांना आपलं नाव आणि शेवटचं नाव एकाच आकाराच्या अक्षरात असणं जरा जड गेलं. मावशीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तो नारव्याचा मानूस लय वेळ सांगून राह्यला बावा, पन पोर माहेरी पोचली का नाई, ते काई बोलला नाई."

सोमवारी कचेरीत डोमाजी आला.

"साहेब, माह्या भावानं..."

सुधाकररावांनी पेन खाली ठेवलं. "हं."

डोमाजी वाट पाहू लागला. यांनी वाट पाहिली. डोमाजीनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"भावानं, जी..."

"बरं."

"साहेब," डोमाजी घाबरून म्हणाला, "तब्येत बरी नाई काय? पुढचं सांगा ना. मले तं येतच नाई."