आवाज मालनचाच होता

मालन सावर्डेकर रंगमंचावर नुसती येऊन उभी राहिली, तरी लोक हसायला लागायचे. तिने कमरेला पदर खोचला की टाळी. आणि मग तिने वरचा सूर लावला की तेच हसणारं थिएटर एकदम गप्प. गाणाऱ्या बायांना हसवता येत नाही आणि हसवणाऱ्या बायांचा सूर हलतो, असं तिचा तबलजी त्र्यंबक म्हणायचा. मालनला देवाने दोन्ही दिलं होतं.

ती मूळची डोंबिवलीची, मानपाड्याची. वडील पोपटराव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. कामगारांच्या नाटकात बाईचं काम करायला कुणी मिळेना, म्हणून त्यांनी आपल्या कॉलेजातल्या पोरीलाच उभं केलं. तिथे तिला श्रीपाद केळुस्करने पाहिलं. तो तेव्हा नवखा निर्माता होता. त्याच्या ‘उतू गेलं दूध’ या विनोदी संगीत नाटकात मालन केसांना पांढरा रंग फासून भांडकुदळ गोदाकाकू झाली. मग लग्न होऊन ती ठाण्याला वर्तकनगरात आली, मुलगा झाला, शिकून परदेशी गेला, नाटक मध्येच बंद पडलं, पुन्हा उभं राहिलं. गोदाकाकू मात्र मालनच राहिली. पांढरा रंग फासायची गरज कधी संपली, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

मग गळ्यात गाठ निघाली. ‘काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागू शकतो,’ असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि लागला. बोलणं राहिलं, पण घोगरं. गाणं गेलं. महिन्याभराने घरात कुणी नसताना तिने तंबोऱ्याचं ॲप लावून सूर लावून पाहिला. घशातून नुसती हवा आली. तिने मोबाइल बंद केला आणि भाजी निवडायला घेतली. आता आपण रडू, असं तिला वाटलं होतं. भाजी निवडून झाली तरी रडू आलं नाही.

श्रीपाद भेटायला आला तो तोडगा घेऊनच.

“मालनताई, तुमच्या जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. एकदम क्लीन. गाण्याच्या वेळी ते लावू. तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज तुमचाच आहे, त्यात फसवणूक कसली?”

तिचा नवरा सुदेश चहाचा कप हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. “तुला काय वाटतं गं?” त्याने विचारलं.

“चालेल,” मालन म्हणाली. खरं तर तिला काहीच वाटत नव्हतं.

डोंबिवलीच्या प्रयोगाला गाणं झालं आणि वन्समोअर आला. विंगेतून पुन्हा तेच रेकॉर्डिंग सुरू झालं, तीच तान, तिथेच घेतलेला श्वास. मालनने पुन्हा ओठ हलवले. प्रयोग संपल्यावर एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला धरून आत आली. “काकू, आवाज अजून तस्साच हो तुमचा!” म्हणत तिने मालनचे हात हातात घेतले. मालन हसली. कुठे हसायचं, ते तिला पाठ होतं.

त्र्यंबक तबला झाकत होता. तो खाली मान घालूनच म्हणाला, “बाई, इतकी वर्षं मी तुमच्या मागे असायचो. आता आपण दोघंही त्या रेकॉर्डिंगमधल्या बाईच्या मागे.”

असे बरेच प्रयोग झाले. घरी आल्यावर सुदेश विचारायचा, “कसं झालं?” ती म्हणायची, “झालं.” तो ताट वाढायचा, ती जेवायची. भाजी खारट झाली होती का, हेही तिला सांगता यायचं नाही.

कल्याणच्या प्रयोगाला ते घडलं. गाणं रंगात आलं होतं, मोठी तान तोंडावर होती, आणि मालनने तोंड मिटलं. ठरवून नाही, रागाने नाही. ओझं खाली ठेवावं तसं ते मिटलं गेलं. आवाज मात्र चालूच राहिला, तरणाबांड, वर वर चढत गेला. थिएटर चिडीचूप झालं. विंगेत श्रीपादने कपाळावर हात मारून घेतला. बाल्कनीत कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू कानावर पडताच मालनच्या अंगात मुरलेली गोदाकाकू आपोआप जागी झाली. तिने कमरेवर हात ठेवला, मान वळवून मागे पाहिलं, पदर झटकला, आणि कोण मेली गातेय ते शोधायला टेबलाखाली वाकली.

लोक अक्षरशः खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते.

पडदा पडल्यावर श्रीपाद धावत आला. “ताई, काय सुचलं हो तुम्हाला! हे ठेवायचं. प्रत्येक प्रयोगाला!”

“गंमत नव्हती ती,” मालन म्हणाली. “मला उघडवेना तोंड.”

श्रीपाद खो खो हसला. “बघा, अजून चालूच आहे यांचं!”

“चालेल,” ती म्हणाली.

ते टेबलाखाली वाकणं कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि गावभर झालं. कॉलेजची पोरं येऊ लागली, हाउसफुल्लचे बोर्ड लागले. सुनेचं काम करणारी कल्पिता एकदा मेकअप रूममध्ये शेजारी बसली. ती खरंच गाणारी मुलगी होती.

“मालनताई, एक विचारू? तुम्हाला वाईट नाही वाटत?”

मालनने थोडा विचार केला. “वाटायला हवं गं. मीही वाट बघतेय.”

कल्पिताचे डोळे भरले. मालनने तिला टिश्यू दिला, कारण काजळ ओघळलं असतं.

उन्हाळा संपता संपता मालनने श्रीपादला सांगितलं, आता नको. त्याने हात जोडले, चिडला, सुदेशला फोन केले. ती फक्त म्हणत राहिली, “कल्पिताला द्या. ती गाईल.” शेवटच्या प्रयोगाला शाल आणि नारळ मिळाला. भाषणं झाली. मालन खुर्चीत बसून पायातली चप्पल नीट करत होती.

गणपती झाल्यावर ठाण्यात गोदाकाकू म्हणून कल्पिताचा पहिला प्रयोग लागला. मालन सुदेशबरोबर गेली आणि मधल्या रांगेत बसली. हे नाटक तिने प्रेक्षकांतून कधीच पाहिलं नव्हतं. पहिल्याच गाण्यात कल्पिता घाबरून पट्टीच्या खाली उतरली, त्र्यंबकने लय धरून ठेवून तिला सावरलं. लोकांनी बेताची टाळी दिली. पुढच्या प्रवेशात कल्पिता तोंड वर करून शेजारणीला म्हणाली, “मी कुणाशी भांडत नाही हो, लोकच माझ्यासमोर येऊन उभे राहतात!”

आणि मालन हसली. घोगरं, मोठ्याने, पोटातून. हे वाक्य तिने हजारदा म्हटलं होतं. हसू कुठे येणार आणि त्यासाठी किती थांबायचं, हे तिला ठाऊक होतं. पण ते इतकं गमतीचं आहे, हे ठाऊक नव्हतं. तिचं हसणं थांबेना. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. सुदेशनेही पाहिलं, आणि गुपचूप पाण्याची बाटली पुढे केली.

“अहो, काय बोलते बाई ही!” डोळे पुसत मालन त्याला म्हणाली.