निजून ऱ्हावा, वैनी

माझी नणंद पार्वतम्मा समाचाराला आली, नाकाला पदर लावून बसली, आन् त्याच पदराआडनं दोन बशा पोहे हाणले. शी! माझ्या पोटाला पिशवी हाय म्हणून हिला किळस, गिळायला मात्र तोंड उघडंच.

म्या मल्लम्मा, माकणीची. आतड्याचा कॅन्सर निघाला, सोलापुरात ऑपरेशन झालं. संडासची वाट आता पोटातनं, चिकटवलेल्या पिशवीत. पहिल्यांदा बघितलं तवा मलाच वकारी आली, खोटं कशाला सांगू? पर सून शिवप्रियानं नाक न मुरडता ती बदलून दाखवली, तवापासून माझी म्याच बदलते.

दवाखान्यात एक पोरगी व्यायाम शिकवायची. म्हनली, "आजी, नुसतं चालून भागायचं न्हाय. चाला बी आन् ताकदीचं बी करा." पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या उचलायच्या, खुर्चीवरनं हात न टेकता उठायचं. पोटावर जोर पडंल असं जड काय उचलायचं न्हाय, कुथायचं न्हाय. मागच्या खेपेला अंगात त्राणच नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी केमो पुढं ढकलली. आनखी ढिली पडले तर औषध बंदच करावं लागंल, म्हनले. मला ते पुरं घ्यायचंय. जगायचंय मला, बास.

पर आमच्या घरची रीत! आजारी माणूस निजलेलंच बरं. दारात चार पावलं टाकली की दीर शंभुलिंग वरडायचे, "वैनी, लोक हसत्यात. निजून ऱ्हावा." माझी खुर्ची उचलून पावन्यांना दिली, बाटल्या माळ्यावर फेकल्या. म्या बाजेवर पडून, आन् ह्या साऱ्यांच्या चहाच्या फेऱ्यावर फेऱ्या.

काल तर हद्दच झाली. दिरांनी मठातल्या स्वामींना बोलावलं, मला शेवटची विभूती लावायला! अवो, म्या जित्ती हाय की! पार्वतम्मानं गळा बी काढला. स्वामी वाकले, आन् पिशवीत वारा सरला, चांगला मोठ्यानं. साऱ्यांनी नाकं दाबली, स्वामींनी बी. मला त्या नाकांचीच किळस आली.

टकुरं फिरलं माझं. बाज सोडली, शंभुलिंगांना म्हनलं, "उठा, ती खुर्ची माझी हाय." हात छातीशी धरले. बसले, उठले. बसले, उठले. मांड्या थरथर कापत व्हत्या, पर उठत व्हत्या.

"वैनी, आता गप बसा की!" शंभुलिंग वरडले.

"बसीन की, भावजी," म्या म्हनलं. "आपल्या लिंगायतात मेलेल्याला बसवूनच पुरत्यात. तवा नाक दाबून बसवा मला. तवर म्या उभी ऱ्हाणार."

शिवप्रिया उठली आन् माळ्यावरनं बाटल्या काढून आणल्या.