चढावरची टिणटिण

"बाबा, अजून आहे," सूनबाई हेल्मेट काढता काढता म्हणाली, आणि कानसेनांनी हातातला पाना बाकड्यावर असा आपटला की बाजूला काढून ठेवलेले नट घरंगळत थेट गटारात गेले.

सकाळपासून हेच चाललं होतं. गॅरेजमागच्या चढावर सून गाडी घेऊन जायची, खाली यायची आणि तेच तुणतुणं वाजवायची. गाडी म्हणजे तिची टू-स्ट्रोक एटीव्ही. चार जाडजूड चाकं, मोटारसायकलसारखं हँडल आणि अंगापेक्षा आवाज मोठा. रविवारी टेकडीवर चढाची शर्यत होती. थ्रॉटल पूर्ण उघडून भर वेग दिला की इंजिनातून टिणटिण येते, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी, असं सूनबाईचं म्हणणं. सासऱ्यांचं म्हणणं, इंजिन गातंय.

आता सासरे म्हणजे काही साधी असामी नव्हती. उभी हयात सायलेन्सरच्या तोंडाशी गेलेली. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे, आणि ते खरं निघायचं. म्हणून सगळे त्यांना कानसेन म्हणत, आणि ते नाव त्यांनी इतकं अंगी मुरवून घेतलं होतं की गॅरेजच्या पाटीवरही तेच रंगवलेलं होतं. दुसरे मिस्त्री इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून त्याच्या रंगावरून आतलं दुखणं ओळखतात, हे त्यांच्या लेखी कमीपणाचं काम. "प्लग कुणी बघायचा? ज्याला कान नाहीत त्याने!" हे ते येईल त्याला ऐकवायचे.

त्यांच्या मुलाला ग्रीसचा वास आला तरी शिंका सुरू व्हायच्या. सून मात्र लग्न होऊन घरात आली ती थेट चेन ताणायलाच बसली, आणि कानसेनांना स्वर्ग दोन बोटं उरला. रविवारी ती त्यांच्या हातचं इंजिन घेऊन चढणार होती. तिला काही झालं तर, हा विचार ते मनात येऊ देत नव्हते, तरी तो येतच होता. टू-स्ट्रोक इंजिन भर वेगात जॅम झालं की मागची चाकं जागच्या जागी अडकतात आणि चालवणारा हँडलवरून थेट दगडांत जातो. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

म्हणून चिडचिड करत का होईना, ते शोधत होते. चेन पाहिली. सायलेन्सरच्या स्प्रिंगा पाहिल्या. त्यातली एक ढिली निघाली तेव्हा "सापडलं!" म्हणून ओरडलेही. सून चढावर गेली, परत आली. बाबा, अजून आहे. क्लचचं कव्हर उघडलं. पिस्टन हलवून पाहिला. सगळं जिथल्या तिथे. जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त काय कपाळ करणार?

शेवटी राहिला कार्ब्युरेटर. त्याच्या पोटात जेट असतो, पितळेचा, मण्याएवढा, मधोमध बारीक भोक असलेला. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, मग इंजिन जड होतं, धूर सोडतं, भकभक करतं. भोक लहान तर पेट्रोल कमी, मग इंजिन चपळ होतं, पण तापतंही. कानसेनांना पूर्ण थ्रॉटलला किंचित भकभक जाणवत होती. ती मारण्यासाठी सकाळी त्यांनी जेट लहान केला होता. आता आणखी लहान घातला. सून गेली, इंजिन न अडखळता वरपर्यंत पोहोचलं आणि कानसेनांचा चेहरा उजळला.

ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "बाबा, वाढलं."

"काय वाढलं?"

"टिणटिण. मधेच इतकी वाढली की मी थ्रॉटल सोडला."

"अगं, मी इथे उभा राहून ऐकतोय ना! इतकं गोड चाललंय इंजिन. तुझ्या हेल्मेटची कडी वाजत असेल."

"हेल्मेटला कडी नाहीये, बाबा."

"मग मनात वाजतंय तुझ्या. शर्यत जवळ आली की होतं असं."

सासऱ्यांशी वाद घालायचा नाही, हे सुनेने स्वतःशी ठरवून टाकलेलं होतं. पण हातमोजे काढून तिने ते सीटवर ज्या तऱ्हेने टाकले, त्यात सगळं बोलून झालं. कानसेनांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या वस्तीच्या गाड्या ज्याच्या कानावर चालतात, त्याला कालची पोर ऐकायला शिकवणार!

"पुन्हा जा," ते म्हणाले. "या वेळी साक्षीदारच ठेवू." आणि त्यांनी घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली.

सासूबाई हात पुसत आल्या. त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. साक्षीला असंच माणूस बरं, असा कानसेनांचा हिशेब.

"नीट ऐक. आवाज गोड आहे की नाही, एवढंच सांग."

"तुमच्या भांडणात मला कशाला ओढता?" त्या म्हणाल्या, पण चढाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

सून खालून निघाली आणि पूर्ण थ्रॉटल देऊन त्यांच्यासमोरून गेली. कानसेनांनी डोळे मिटले होते. भरीव, एकसारखा सूर, कुठे खोट नाही. त्यांनी विजयाने डोळे उघडले तर सासूबाई दोन्ही कानांवर हात घेऊन उभ्या.

"बाई गं! ते टिणटिण टिणटिण काय वाजतंय? माझ्या दातांत गेलं!"

"कुठे?"

"कुठे काय, गाडीत! ऐकू नाही आलं तुम्हाला?"

"आलं की," कानसेन म्हणाले. हे धडधडीत खोटं होतं.

ते तडक गॅरेजमध्ये आले आणि त्यांनी, कानसेनांनी, प्लग काढला. चष्मा लावून दिव्याखाली धरला. त्याच्या टोकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चंदेरी कण चिकटले होते. पिस्टनचं ॲल्युमिनियम. पेट्रोल कमी पडून इंजिन आतल्या आत भडकत होतं, पिस्टनचा माथा खात होतं, आणि असं होताना इंजिन टिणटिण वाजतं. हे त्यांना पाठ होतं. एके काळी ती टिणटिण त्यांना रस्त्याच्या पलीकडून ऐकू यायची.

म्हणजे ती सकाळपासून होती. जाड आवाज त्यांना येत होते, बारीक येत नव्हते, आणि जे ऐकू येत नाही ते नाहीच असं धरून ते चालले होते. भकभक ऐकू आली की जेट लहान, पुन्हा लहान. पोरीला त्यांनी आपल्या हाताने त्या दगडांकडे ढकलत आणलं होतं. अलीकडे पिस्टन जॅम होऊन परत आलेल्या गाड्याही त्यांना आठवल्या, आणि "भेसळीचं तेल घालता" म्हणून त्यांच्या मालकांना आपण कसं झापलं होतं तेही.

त्यांनी डब्यातला सगळ्यात मोठा जेट घातला. सून पुन्हा चढावर गेली. आता इंजिन जड, भकभकणारं, आजारी वाटत होतं. उघडून नीट करायला कानसेनांचे हात शिवशिवत होते. ते त्यांनी पाठीमागे धरून ठेवले.

"गेलं, बाबा!" सून खाली आली ती हसतच. "वरपर्यंत एकदाही नाही. जराशी जड वाटते, पण चालेल. काय केलंत?"

कान लागतो त्याला, हे वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते मानलंही असतं. पण रविवारी टेकडीच्या पायथ्याशी, सकाळच्या थंड हवेला पेट्रोलचं माप वेगळं लागतं म्हणून जेट पुन्हा बदलावा लागणार होता, आणि तेव्हा ती पुन्हा त्यांच्याच तोंडाकडे बघणार होती.

"सूनबाई, मला ती टिणटिण ऐकू येत नाही."

"आता नाहीच आहे ती, बाबा."

"आत्ताचं नाही म्हणत. सकाळपासून. एकदाही नाही आली." त्यांनी प्लग तिच्या हातात दिला. "रविवारी माझ्या कानावर विसंबू नकोस. तुला वाजलं तर ते वाजलं. मी काहीही बडबडलो तरी थ्रॉटल सोड."

तिने प्लग उजेडात फिरवून पाहिला आणि तिचं हसू मावळलं.

"आणि मनात वाजतंय म्हणालात ते?" तिचा आवाज चढला. या घरात आल्यापासून तो कधी चढला नव्हता. "दिवसभर मला वेड्यात काढलंत! माझेच कान मला खोटे वाटायला लागले होते! आणखी एक फेरी मारायला लावली असती ना, तर मी थ्रॉटल सोडलाच नसता. बाबा म्हणतात ना, काही नाही, म्हणून तशीच वर गेले असते!"

सासूबाई दारातच थबकल्या. कानसेन मान खाली घालून उभे राहिले. शब्द न् शब्द त्यांना ऐकू येत होता.