पाहुण्यांचा अर्धा तास

त्या बेटावर पाहुण्यांशी थोडंफार खोटं बोलणं हा धंद्याचाच भाग होता. त्यातलं सगळ्यात जुनं खोटं खडूने फळ्यावर लिहिलेलं असे.

बेट एवढंसं. पूर्वी तिथे मीठ आणि मासळी, दुसरं काही नाही. मग कुणा श्रीमंताचा जुनाट खोकला तिथल्या हवेने बरा झाला आणि पाठोपाठ हॉटेलं आली, किनाऱ्याचा फरसबंद रस्ता आला, शंखशिंपल्यांची दुकानं आली. शंख बाहेरगावाहून पेट्यांनी येत, ही गोष्ट वेगळी. पण पाहुणे खरे यायचे ते दोन गोष्टींसाठी. एक, ओहोटीला समुद्रातून वर येणारी वाळूची वाट. अर्धा तास चाललं की वाट संपे तिथे एक खडक आणि खडकावर पडका दीपस्तंभ. दुसरी, अलीकडच्या काठावरची घंटा.

त्या घंटेची गोष्ट पाहुण्यांना आवडायची. धुक्यात वाट चुकू नये म्हणून जुना घंटेकरी दिवसभर टोल देत असे. एके दिवशी तो घंटेपाशीच वारला, तेव्हा त्याच्या बायकोने घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलं. तेव्हापासून त्या घरात कुणी गेलं की घंटा दिवसभर मुकी. एरवी ती थांबत नाही, कारण फोटोसाठी पाहुण्यांची रांग असते आणि जो तो दोरी ओढून जातो.

गोष्ट सांगणारा वाटाड्या त्याच घराण्यातला. सगळं गाव त्याला काका म्हणे. गुडघा धरल्यापासून तो काठावरच बसे. पाहुण्यांना खडकावर न्यायचं काम त्याची मुलगी करी. ती अखंड बोलायची म्हणून तिला टिटवी नाव पडलं होतं. काका रोज सकाळी भरतीचं कोष्टक बघून वाट बुडायची वेळ फळ्यावर लिही, पण खऱ्या वेळेतून अर्धा तास कमी करून. पाहुण्यांना पाचला या म्हटलं की ते साडेपाचला येतात, हे त्याच्या आजोबांनाही ठाऊक होतं. गावातला प्रत्येक जण फळा वाचताना तो अर्धा तास मनातल्या मनात परत मिळवी. हे कुणी कुणाला शिकवत नसे.

हॉटेलात नवा मॅनेजर आला आणि त्याला हे कळलं. "लोक तक्रारी लिहितात, काका. अर्धा तास चोरता म्हणे तुम्ही आमचा. उद्यापासून खरी वेळ लिहा." काकाला राग आला. मॅनेजरने अजून समुद्र धड पाहिला नव्हता! पण हॉटेलच्या पाहुण्यांवरच घर चालत होतं. सकाळी त्याने मुकाट्याने खरी वेळ लिहिली: पाच. टिटवीला सांगायचं होतंच. पण दुपारी गुडघ्याला शेक द्यायला तो दवाखान्यात गेला, आणि ती तेवढ्यात चौदा पाहुणे घेऊन निघूनही गेली.

तो परत आला तेव्हा चहाच्या टपरीवर त्याची थोरली बहीण कप विसळत होती.

"काय रे, पाच लिहिलंयस म्हणजे साडेपाच ना?" तिने विचारलं. "मग आधण आत्ताच कशाला ठेवू? गॅस काय फुकट येतो?"

काकाने वळून फळ्याकडे बघितलं.

"ताई, टिटवीनं फळा बघितला का गं?"

"बघितला की. म्हणाली, आज मजा आहे, साडेपाचपर्यंत वेळ आहे. असा का बघतोस?"

घड्याळात चार पस्तीस झाले होते. टिटवी तिकडून पाचला निघणार, आणि पाचला वाट इकडच्या टोकाला, जिथे ती सगळ्यात सखल आहे, बुडायला लागणार. मग पाणी दोन्ही बाजूंनी इतक्या ओढीने येतं की पोहणाराही टिकत नाही. खडकावर थांबावं तर भरतीला खडकाचंही काही उरत नाही, नुसता स्तंभ उरतो, आणि त्याचा जिना कधीच कोसळलेला. फोन तिकडे लागत नसे. एकुलती एक लाँच पाहुणे आणायला मुख्य किनाऱ्याला गेली होती. धावणारा गडी पाठवला तरी तो वाळूतून पोचून माणसं निघेपर्यंत पाच वाजणार.

तो लंगडत घंटेकडे गेला, रांगेतल्या माणसाला बाजूला सारून त्याने दोरी धरली आणि जीव खाऊन टोलांवर टोल दिले. आणि त्याच्या लक्षात आलं, की याचा काही उपयोग नाही. सकाळपासून शंभर जणांनी हेच केलं होतं. एक बाई तर मोबाइल काढून त्याचाच फोटो घेऊ लागली. ज्या घंटेने माणसं वाचवली, तिचं यांनी खेळणं करून टाकलं, आणि गोष्टी सांगसांगून ते करण्यात आपलाच पहिला हात, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. त्याला स्वतःची किळस आली.

वाजून उपयोग नव्हता. थांबून होता.

सहा वर्षांपूर्वी टिटवीची आई गेली तेव्हा टिटवी तिकडे खडकावर होती. घंटा थांबली आणि तिला कळलं. ती पाहुण्यांना तिथेच टाकून धावत सुटली होती. काठावर पोचल्यावर काकाने, घरात बायकोचं प्रेत असताना, चारचौघांत तिला म्हटलं होतं, "वाटाड्या शेवटी येतो. हे शिकवलं नव्हतं तुला?" तिने तो विषय पुढे कधी काढला नाही. ते शब्द काकाला अजून काट्यासारखे सलत होते.

आता घरात दोघंच उरली होती, बाप आणि लेक. घंटा मुकी झाली तर टिटवी काय समजणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"ताई, तुझा पदर फाड."

"वेड लागलं का तुला?" असं म्हणताम्हणताच तिला उमगलं. तिने डोळ्याला पदर लावला आणि मग तोच टर्रकन फाडून दिला. "अरे, पोरीचं काळीज फाटेल."

"फाटू दे. जिवंत राहू दे फक्त."

त्याने लोलकाला फडकं गुंडाळलं, गाठी मारल्या आणि तो घंटेला मिठी मारून उभा राहिला. रांगेतले लोक चिडले. मॅनेजर धावत आला आणि "काका, हा काय तमाशा?" म्हणाला. काकाने त्याला इतकी ठेवणीतली शिवी दिली की तो दोन पावलं मागे सरला. मग त्याला खरं सांगितलं. मॅनेजर दोर आणायला हॉटेलकडे पळाला.

चार चाळीस. चार पंचेचाळीस. खडकावर काहीच हलेना. वारा उलटा असेल तर? ती बडबडी, तिच्या स्वतःच्याच बोलण्यात तिला कळलंच नाही तर? मग वाळूवर एक ठिपका दिसला. एकटाच आणि धावणारा. टिटवी.

"नको गं," काका पुटपुटला. "त्यांना सोडून नको." आणि लगेच त्याच्या मनाने म्हटलं, ये, तू तरी ये. या विचाराची त्याला पुढे आयुष्यभर लाज वाटली.

ठिपका थांबला. तसाच उभा राहिला, किती वेळ कोण जाणे. मग मागे वळला.

माणसं ओळीने वाटेवर आली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. सव्वापाचला पहिला पाहुणा सखल भागात उतरला. पाणी गुडघ्याच्या वर होतं. मॅनेजर पाण्यात जाऊन दोर धरून उभा होता. एकेक जण रडत, ओरडत, चपला हरवून वर आला. ताई मोठ्याने मोजत होती. बारा. तेरा. चौदावा एक जाडा गृहस्थ, त्याला मागून कुणीतरी ढकलत होतं. पाणी तोवर छातीला लागलं होतं.

ढकलणारी टिटवी होती. ती काठावर आली, तिने आधी आत्याकडे बघितलं, मग घंटेकडे. काका तिथे उभा होता. तिचे ओठ निळे पडले होते.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही गं. मी आज फळ्यावर खरी वेळ लिहिली होती."

अर्धा तास तिने बापाला मेलेला धरून चालत काढला होता, आणि बाप समोर उभा होता, फडक्याची गाठ सोडवायला बघत होता. गाठ सुटेना. तिने पुढे होऊन त्याचे हात बाजूला केले आणि ती तिथेच, घंटेखाली, फरशीवर बसली.

"चौदा आहेत, मोजून घ्या," ती म्हणाली. दात वाजत होते, शब्द नीट फुटत नव्हते. "मी शेवटी आले, बाबा."