शिशाचं सील

लेओनीने पाणी अडवायची पाटाची फळी खाली दाबली, तशी पाणचक्की दोन आचके देऊन थांबली. वरच्या पेटीत फिलोमेन आजीचा अर्धं पोतं गहू अजून तसाच होता.

"तेवढा तरी दळू द्या साहेब. म्हातारी दोन कोस चालत आलीय."

जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने कागदावरून मान वर केली नाही. "लहान चक्क्या आजपासून बंद. गहू सरकारी कोठारात द्यायचा. पीठ शिधापत्रिकेवर मिळेल."

"कोंडा मिळेल म्हणा की!" बाकावरून आजी करवादली. "आमच्या तोंडालाही लावा सील. एका फेरीत काम उरकेल."

त्या ओढ्यावर एके काळी सात चक्क्या होत्या. चार शहरातल्या वाफेच्या गिरणीने खाल्ल्या, दोन चक्क्यांचे मालक मागच्या लढाईतून परतलेच नाहीत. उरली ही. तिचा मालक, लेओनीचा नवरा मार्सेलँ, दोन वर्षांपासून जर्मनांच्या कैदेत होता. त्याच्या पत्रात ओळी मोजक्याच असायच्या, तरी त्यातली एक ठरलेली असे : चक्कीच्या दगडी तळ्यांना वेळेवर टाकी लावत जा, बोथट होऊ देऊ नको.

अधिकाऱ्याने वरच्या दगडी तळीभोवती साखळी घालून तार ओवली. गावचा पोलीस फिरमँ पकडीने शिसं दाबायला वाकला. याच चक्कीच्या डोहात तो मार्सेलँबरोबर पोहायला शिकला होता. पकड दोनदा निसटली.

"हाताला काय झालंय तुझ्या? नीट दाब," अधिकारी खेकसला.

तिसऱ्यांदा शिसं बसलं. कागदावर लेओनीची सही झाली. अधिकाऱ्याची मोटार पूल ओलांडून गेली, तरी फिरमँ दारातच घुटमळत राहिला.

"जा की," लेओनी म्हणाली. "तुझं काम झालं."

"वहिनी, साहेब उद्या येणार होता. म्हणून मी आज सकाळीच दळण घेऊन..." त्याने अक्रोडाच्या झाडामागून सायकल आणली. कॅरिअरवर, रेनकोटखाली, गव्हाची छोटी पिशवी बांधलेली होती. त्याची बायको बाळंत होऊन आठ दिवस झाले होते.

लेओनीला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण तिने पुढे होऊन पिशवीची दोरी सोडली.

"कॉफी दळायची चक्की आहे ना गं घरात?" आजीने विचारलं. "कॉफी तर मिळत नाही. तिला तरी दुसरं काय काम?"

चार पिढ्या पोत्यांनी दळण काढणाऱ्या घरातली लेओनी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि ती इवलीशी चक्की गुडघ्यांत धरून मूठ-मूठ गहू टाकत दांडी फिरवू लागली. एका वेळी जेमतेम वाटीभर निघे, तेही जाडंभरडं. आजी चाळणी धरून बसली.

लेओनीचा हात भरून आला, तेव्हा फिरमँने डोक्यावरची सरकारी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि चक्की आपल्या गुडघ्यांत घेतली.