चौथीच्या वर्गाचा आवाज

विमलबाईंनी खोकं काउंटरवर आदळलं, तशी काचेखाली मांडलेली रिमोटांची रांग हादरली.

"हे घ्या तुमचं डबडं. काय विकतो, कुणाला विकतो, ते जरा बघून विकत जा."

बसवेश मागच्या टेबलावर एका उघड्या रेडिओला डाग देत होता. त्याने डाग द्यायची गरम सळई स्टँडवर ठेवली, हात पँटला पुसले आणि पुढे आला.

"काय झालं, बाई? उन्हातानाचं आलाव..."

"आलात म्हणावं. आलाव नव्हे." बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर होता, तरी कानाला खटकलेला शब्द त्यांनी सोडला नाही. "काल तुमच्या दुकानातून नेलंय. हसं झालं माझं शाळेत."

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या भालकीच्या बसस्थानकासमोरच्या या दुकानात काल त्या आल्या, तेव्हा काउंटरवर बसवेशची बायको सुधारानी होती. बाईंनी सीडी वाजवणारं, स्वस्तातलं काहीतरी मागितलं. तिने दिलं. संध्याकाळी बाई ते घेऊन शाळेत गेल्या. शाळेच्या अॅम्प्लिफायरच्या पाठीला लाल आणि पांढरी अशी गोल भोकांची जोडी, आणि या नव्या यंत्राच्या पाठीला एकच चपटं भोक. वायर हातात धरून बाई पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. हेडमास्तर हसले. म्हणाले, "जाऊ द्या बाई, मोबाइलवर लावू काहीतरी. तो अॅम्प्लिफायरचा डबा भंगारातच द्यायचा आहे."

तेव्हा चढलेला पारा अजून उतरला नव्हता.

शाळा बंद होणार होती; रविवारी तिचा शेवटचा कार्यक्रम होता. सहा मुलं उरली होती, तीही जूनपासून शेजारच्या गावी जाणार होती. बाईंनी त्या मराठी शाळेत सव्वीस वर्षं काढली. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी चौथीच्या वर्गाचा आवाज टेपवर भरून घेतला होता आणि पुढे उदगीरला जाऊन त्याची सीडी करून आणली होती. टेपला केव्हाच बुरशी लागली. सीडी तेवढी राहिली होती. गेला महिनाभर त्या भेटेल त्याला सांगत होत्या, रविवारी या, बावीस पोरांचा अख्खा वर्ग ऐकवते. आणि तो शाळेच्याच डब्यातून, त्याच दोन मोठ्या स्पीकरांतून ऐकवायचा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मोबाइलवर म्हणे!

"बायकोला ठाऊक नव्हतं, बाई. तुमच्या अॅम्प्लिफायरची पाठ कशी हाय, ते तिनं विचाराय पाहिजे होतं. चूक आमची." बसवेशने खोकं उघडलं. "यंत्र घेताना त्याचं तोंड बघायचं न्हाई. पाठ बघायची."

"नाही," बाई म्हणाल्या. "न्हाई नव्हे."

"नाही," तो म्हणाला आणि प्लेअर उलटा करून त्यांच्यासमोर ठेवला. "हे चपटं भोक नव्या टीव्हीसाठी. चित्र आणि आवाज एकाच वायरीतनं जातंय. तुमच्या जुन्या डब्याला त्यातलं काही कळायचं नाही. मधी एक डबी लावता येती, पण ती लावली की तिला वेगळी वीज, वेगळी वायर. ऐन कार्यक्रमात कुठं काय निसटलं, ते हुडकत बसाल."

मग त्याने फडताळातून एक छोटं, गोल, चकचकीत यंत्र काढलं. कानात घालायच्या वायरीचं बारीक भोक होतं त्याला.

"हे दिसायला झकास. यातनं वायर काढून जोडता येती. पण आवाज बारीक येतो, वाढवला की घुं घुं करतंय."

"मग दाखवतोस कशाला?" तुम्हीवरून बाई तूवर आल्या होत्या.

"कामून नको ते कळल्याशिवाय कोणतं पाहिजे ते कळत नाही, बाई."

"का नको, म्हणावं. कामून नव्हे."

तिसरं यंत्र त्याने टेबलाखालून काढलं. काळं, जड, कोपऱ्यावर खरचटलेलं. पाठीवर लाल, पांढरं आणि पिवळं अशी तीन भोकं.

"जुनं हाय. आतली लेन्स मी नवीन बसवलीय. घरी भरलेली सीडी स्वस्तातल्या नव्या यंत्रांना लवकर वाचता येत नाही, हे वाचतंय. कालच्यापेक्षा स्वस्त पडंल. लाल लालमधी, पांढरं पांढऱ्यामधी. पिवळं चित्राचं, ते रिकामं सोडायचं. आणि तुमच्या डब्याला ग्रामोफोनची तबकडी वाजवायची म्हणून एक वेगळी जोडी असंल, तिच्यात चुकून घालू नका. आवाज फाटतो."

"कळलं."

"मग सांगा बघू. पिवळं कुठं?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला काय पहिलीतलं पोर समजतोस?"

"तसं नाही, बाई. एकदा आपल्या तोंडानं म्हणलं की ध्यानात राहतंय."

हे वाक्य बाईंनी स्वतः किती हजार वेळा म्हटलं असेल! त्यांनी दात आवळून सांगितलं, "पिवळं रिकामं. तबकडीच्या जोडीत घालायचं नाही. झालं समाधान? आता वाजवून दाखव. काल फसले, आज फसायची नाही."

बसवेशने दुकानातल्या एका जुन्या अॅम्प्लिफायरला प्लेअर जोडला. बाईंनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली. तिच्या चकचकीत बाजूला बोट न लावता, मधल्या भोकात तर्जनी घालून त्याने ती उचलली आणि आत सरकवली. यंत्र घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. मग टक् असा आवाज आला, आणि त्यामागून बाईंचा स्वतःचा, बावीस वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज.

"एकेकाने नाव सांगायचं. स्पष्ट. घाई नको."

"रत्नपाल माणिकराव सूर्यवंशी."

"शिवकन्या दिगंबर पाटील."

बाईंचा हात आपसूक काउंटरवर टेकला. एकेका नावाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. कोण नाकात बोलायचं, कोणाचा दात तेव्हा पडलेला होता, सगळं त्यांना ऐकू येत होतं. नावं संपली आणि दीडकीचा पाढा सुरू झाला. सगळ्या गळ्यांचा मिळून एकच सूर, कुठे चुकणं नाही, अडखळणं नाही.

"ऐक," बाई म्हणाल्या. कालपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. "याला म्हणतात वर्ग. असे उच्चार आता शहरातसुद्धा ऐकायला मिळत नाहीत."

बसवेश यंत्राकडे बघत होता. "आता टक् होईल," तो म्हणाला.

टक् झालं.

"तुला काय ठाऊक?"

"टेपचं बटन मीच दाबलं होतं, बाई."

बाईंनी चष्मा वर केला. दाढी होती, कानांवर केस पांढरे व्हायला लागले होते. त्या दाढीखालचं पोर शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

"मडिवाळप्पाचा बसवेश?"

"व्हय."

"तू याच वर्गात होतास?"

"तिसऱ्या ओळीत. खिडकीपाशी."

"मग तुझं नाव कसं नाही आलं यात?"

"तुम्ही म्हणला होताव, तुझ्या बोलण्यात कानडी हेल हाय, सगळं बिघडंल. तू बटन दाब." भाव सांगावा तशा सरळ आवाजात तो बोलत होता. "मी निदान आत होतो. नागम्मा, सिद्धेश्वर आणि आणखी दोघं, त्यांस्नी भाइर चिंचेखाली बसवलं होतं. घरी कानडी बोलनारी आम्ही पाचजण."

"खोटं बोलतोस!" बाईंनी काउंटरवर हात आपटला. "मी असं करीन? माझ्या पोरांना?"

बसवेशने सीडी बाहेर काढायला बटनाकडे हात नेला.

"पुन्हा लाव."

त्याने लावलं. या वेळी बाईंचे ओठ हलले नाहीत. त्या बोटांची पेरं मोजत राहिल्या. रत्नपाल, शिवकन्या, पुढचा, त्याच्या पुढची. सतराच झाले आणि दीडकी सुरू झाली. त्यांनी स्वतः हात पुढे करून यंत्र बंद केलं.

भर दुपारी बसस्थानकावर कुठल्याशा गाडीचा पुकारा चालला होता. बाईंच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. त्या बसवेशवर ओरडल्या, आणि ओरडताना जन्मभर मुलांच्या तोंडून खोडत आलेला शब्द त्यांच्या तोंडात आला.

"तेव्हाच कामून बोलला नाहीस रे?"

"तोंड उघडायचं न्हाई म्हणला होताव."

या वेळी बाईंनी त्याचा शब्द दुरुस्त केला नाही.

बसवेश प्लेअर पुसून खोक्यात घालू लागला. लाल-पांढरी वायर त्याने नीट गुंडाळून वर ठेवली. बाईंनी खोक्याला हात लावला नाही.

"नागम्मा कुठं असते?"

"दुबलगुंडीला दिलीय."

"फोन?"

"हाय. पण बाई, आता एवढ्या वर्षांनी तिला काय..."

"लाव म्हणते ना!"

त्याने नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला. मागे भांड्यांचा आवाज, कोंबड्यांची कलकल, आणि एका बायकी आवाजाने घाईघाईत कानडीत विचारलं, कोण बोलतंय.

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. पलीकडून तोच प्रश्न पुन्हा आला, जरा वैतागून.

मग विमलबाईंनी घसा साफ केला आणि अडखळत, चुकत, कानडीत आपलं नाव सांगितलं.