पुलाच्या अलीकडे की पलीकडे

"निवडणुकीच्या नावानं कुणाचाबी फोन आला तर ऐकत बसायचं न्हाई. ठेवून द्यायचा." सुट्टी संपवून निघाला त्या सकाळी प्रज्ञेश बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला होता. "आमचं मत युनिटातच येतं, साहेबाच्या कम्प्युटरवर. तिथंच कागद निघतो, तिथंच खूण करायची, तिथूनच टपालात. घरच्यांशी त्याचा संबंधच येत न्हाई."

पल्लवी तेव्हा करुणाला वरणभात भरवत होती. "सांग गं तुझ्या पप्पाला," ती लेकीच्या तोंडाशी घास नेत म्हणाली, "तुझी मम्मी बी.एस्सी. झालेली हाय. तिला काहून शिकवून राहिले म्हणावं."

तो हसला नाही. ती हसली. मग गाडीची वेळ झाली आणि ते बोलणं तिथंच राहिलं.

प्रज्ञेशला मताचं फार. हिंगोलीजवळच्या पुसेगावात त्यांच्या वस्तीत मतदानाच्या दिवशी माणसं सकाळी अंघोळ करून पांढरे कपडे घालतात, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हात जोडतात आणि मगच रांगेत जाऊन उभी राहतात. पहिल्या मतापासून प्रज्ञेशनं ते कधी चुकवलं नव्हतं. फौजेत गेल्यावर तो तिकडं डोंगरातही अंघोळ करून मग खूण करायचा. बर्फाच्या पाण्यानं केली असं सांगायचा, ते पल्लवीला खरं वाटायचं नाही. गेल्या लोकसभेला दरड कोसळून तिकडचा रस्ता बंद झाला, आणि मोजणी उरकली तेव्हा त्याचं पाकीट वाटेतच होतं. फोनवर तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, पाकीट कुठं अडकलं. बाप गेला तेव्हाही फोनवर असाच एकच गोष्ट विचारत राहिला होता.

पल्लवीला राहवलं नाही. तिनं फेसबुकवर सगळं लिहिलं. नवरा सीमेवर उभा आहे आणि त्याचं मत वाटेत पडून आहे, असं. गणवेशातला फोटो लावला, गावाचं नाव घातलं. लोकांनी पुढं पाठवलं, कुणी कुणी सलाम केला. तिला बरं वाटलं.

दिवाळीनंतर विधानसभेची गडबड सुरू झाली, तेव्हा एका दुपारी फोन आला. सासू, चांगुणाबाई, कापूस वेचायला गेली होती. करुणा अंगणात बाहुलीला चिखल भरवत होती.

"जय भीम, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला. आवाज मऊ, हिंदी शुद्ध. "सर्व्हिस वोटर सेल से बोल रहा हूँ. प्रज्ञेश जी का वोट पिछली बार रह गया था न?"

आता सांगा, असं बोलणाऱ्याचा फोन कोण ठेवील? पल्लवीनं ठेवला नाही. त्या माणसाला प्रज्ञेशचं पूर्ण नाव ठाऊक होतं, गाव ठाऊक होतं, दरडीचंही ठाऊक होतं. या वेळी पाकीट चुकायला नको म्हणून एकच विचारायचं आहे, म्हणाला. युनिट हललंय ना? पुलाच्या अलीकडे आहे की पलीकडे? चुकीच्या डाकघरात गेलं तर पुन्हा मत वाया.

पुलाचं पल्लवीला माहीत होतं. आठवड्यामागं प्रज्ञेश बोलता बोलता म्हणून गेला होता, आता रेंज कमी मिळंल, पुलाच्या पल्याड आलोय. गावाचं नावही त्याच्या तोंडून निसटलं होतं. ते नाव इथं लिहायचं नाही. पण तिनं त्या माणसाला सांगितलं. पलीकडे, म्हणाली, आणि नाव नीट कळावं म्हणून दोनदा सांगितलं.

"और आपकी तरफ का कोई जवान? किसी का वोट छूटना नहीं चाहिए."

तिनं मिनाचा नंबर दिला. मिनाचा नवरा वसराम प्रज्ञेशच्याच कंपनीतला, आणि ती सध्या कळमनुरीकडच्या बंजारा तांड्यावर माहेरी राहत होती. मागच्या पोस्टिंगला दोघी शेजारशेजारच्या क्वार्टरमध्ये राहिल्या होत्या. पल्लवीचं बाळंतपण तिथंच झालं, तेव्हा पहिला शेक मिनानं दिला होता. तिचं आपल्या हातून काही भलं होतंय, असंच पल्लवीला त्या क्षणी वाटलं.

दोन दिवसांनी तिनं प्रज्ञेशसाठी चिवड्याचं पार्सल शिवायला घेतलं. पांढऱ्या कापडाची पिशवी, दाभण, वर जाड पेनानं पत्ता. दरवर्षीचं काम. नंबर लिहिला, नाव लिहिलं, युनिट लिहिलं, खाली फौजेच्या टपालाचं "५६ ए.पी.ओ." लिहिलं, आणि पेन तिथंच थांबलं.

पत्त्यात गावाचं नाव नव्हतं. कधीच नसतं. लग्न झाल्यापासून तिनं एवढी पार्सलं पाठवली, राखी पाठवली, करुणाच्या पावलांचे ठसे पाठवले, सगळं एवढ्याशा पत्त्यावर बराबर पोचलं. युनिट वाळवंटात असो की बर्फात, पत्ता तोच. पुलाच्या अलीकडे की पलीकडे हे टपालाला कधी लागलंच नाही.

मग ते कुणाला लागत होतं?

दाभण बोटात घुसलं ते तिला कळलं नाही. कापडावर लाल ठिपका उमटला तेव्हा कळलं. तिनं त्या नंबरावर फोन लावला. नंबर अस्तित्वात नाही, फोनमधली बाई म्हणाली. प्रज्ञेशला लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. तो तर नेहमीच असतो, तिनं स्वतःला सांगितलं. पुन्हा लावला. टीव्ही लावला, आणि खालची पट्टी वाचायची छाती झाली नाही म्हणून बंद केला. बंद केल्यावर वाटलं, आत्ताच काहीतरी सांगत असतील. पुन्हा लावला.

अंगणात करुणा चिखलाचा पूल करून त्यावरून काडेपेटी ढकलत होती. पल्लवीनं उठून तो पूल पायानं मोडला. पोरगी रडायला लागली.

चांगुणाबाई आली ती ओटीतला कापूसही न उतरवता सुनेकडं बघत राहिली. "लेकरू काहून रडून राहिलं? आन् तुझं तोंड काहून असं?"

"काही न्हाई, आत्याबाई. डोकं दुखतंय."

"डोकं दुखल्यावर माणूस दाराकडं बघत न्हाई."

पल्लवीनं सांगितलं. सगळं. फेसबुकचं, फोनचं, पुलाचं.  सासू खाली बसली. ओटीतला कापूस जमिनीवर सांडला, तो दोघींनीही उचलला नाही.

"आता?" चांगुणाबाईनं विचारलं.

"त्यांनी एक नंबर दिलेला हाय, अडीनडीला. युनिटच्या ऑफिसचा. पण तिथं सांगितलं की चौकशी लागंल. घरी जागा सांगितली म्हणून त्यांनाच धरतील. नोकरीवर येईल, आत्याबाई. आन् न सांगावं तर..." 

म्हातारी बराच वेळ भिंतीवरच्या फोटोतल्या लेकाकडं बघत होती. "नोकरी गेली तर हितं येऊन कापूस वेचंल," ती म्हणाली. "माझ्यासंगं वेचंल. लाव फोन."

पल्लवीनं लावला. ड्यूटीवरचा माणूस आधी कंटाळलेल्या आवाजात बोलत होता. पूल हा शब्द आला तसा त्याचा आवाज बदलला. त्यानं फोन दुसऱ्याला दिला. दुसऱ्यानं रागावून काही म्हटलं नाही. रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं. तो फक्त विचारत गेला आणि ती सांगत गेली. शेवटी म्हणाला, "और किसका नंबर दिया?"

"मिना का. वसराम की घरवाली."

पलीकडं त्यानं वसरामचं नाव कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं. मग फोन ठेवला.

त्या घटकेपासून ती मिनाला फोन लावत होती. फोन बंद नव्हता. तेच भयंकर होतं. बाई दर वेळी सांगायची, आपण ज्यांना फोन केला ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत. सकाळी व्यस्त, दुपारी व्यस्त. मिना एवढा वेळ कुणाशी बोलते? वसरामला तर रेंज नाही. पल्लवीनं मेसेज टाकले, ते पोचले आणि न वाचता पडून राहिले. मग एके दिवशी फोन कायमचाच बंद लागायला लागला.

मतदानाचा दिवस आला. चांगुणाबाईनं पांढरं लुगडं नेसलं. पल्लवीनं पांढरी साडी हातात घेतली, आणि ती अंगाला लावायची तिला भीती वाटली. निळी नेसून गेली. रांगेत शेजारणी विचारत होत्या, प्रज्ञेश कुठं असतो गं सध्या? साधी विचारपूस, दर खेपेची. तिनं मान हलवली आणि पदर तोंडाशी धरला. बोटाला शाई लागली तसं करुणानं आपलंही बोट पुढं केलं. शाई लावणाऱ्या मॅडम हसून म्हणाल्या, "मोठी हो, मग लावू." पल्लवीला हसता आलं नाही. रांग, शाळा, पोलीस, सगळं जागच्या जागी होतं आणि तिला एकसारखं वाटत होतं की घरापुढं फौजेची एखादी जीप येऊन थांबली असेल.

जीप नव्हती. संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. तिनं उचलला.

"पल्लवी," प्रज्ञेश म्हणाला.

तिनं सासूकडं बघून मान हलवली. सासूनं तिच्या हातातून फोन घेतला, "हाय का रे बाबा" एवढंच म्हणाली, ऐकलं, परत दिला आणि चुलीकडं जाऊन पाठमोरी उभी राहिली.

"आमाला हलवलं," तो सांगत होता. "तुझा फोन आला त्याच रातीला. आता कुठं हाव ते इचारू नको." आवाज कोरडा होता. "माझा जबाब झाला. तुझाबी होईल. पुढं काय व्हईल ते व्हईल."

"अहो, मी..."

"मी सांगितलं होतं तुला."

"व्हय."

 त्याचा श्वास ऐकू येत होता, त्यावर तिचं पोट भरत होतं. "मत टाकलं?" तिनं विचारलं, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

"टाकलं. या बारीला लवकर टाकलं." मग त्याचा आवाज खाली आला. "मिनाला गाठ. वसरामची तुकडी वरच्या पोस्टवर हाय, तिला हलवता येत न्हाई. मिना त्या माणसाला काय काय बोलली ते कुणालाच ठाऊक न्हाई. वसराम येडा होऊन राहिला. पोलिसांत कळवलंय, पण तू जा."

ती दुसऱ्या दिवशी गेली. करुणाला कडेवर घेऊन एस.टी.नं हिंगोली, तिथून कळमनुरी, पुढं रिक्षा. तांड्यावर घरांना कुलपं होती. ऊसतोडीला सगळे गेलेले. केशरबाई म्हणून एक म्हातारी, मिनाची चुलती, दारात भांडी घासत बसली होती.

"मतं टाकाया आमी म्हातारेच राहिलो," ती म्हणाली. "पोलीसबी येऊन गेले काल. काय झालं कुणी सांगत न्हाई."

"मिना कुठंय, मावशी?"

"बापासंगं गेली की. तिची भावजय बाळंत झाली ना, लेकरं कोण बघंल? तिच्या बापानंच, धर्मसिंगनं नेलं तिला. मुकादमाच्या ट्रकात बसले, गेले. कारखाना कोणता ते ठाऊक न्हाई बाई. कुणी कोल्हापूरकडं म्हणतं, कुणी कर्नाटकात."

"तिला कुणाचा फोन यायचा का?"

केशरबाईचा चेहरा खुलला. "यायचा तर. फौजेच्या हापिसातला सायब. लई चांगला माणूस, रोज इचारपूस करायचा. वसरामची बदली जवळ करून देतो म्हणला. तिकडं वसरामनं फोटो काढून हिला दिलेले, ते धाड म्हणला, अर्जाला लागतात." म्हातारीनं भांडं उपडं ठेवलं. "मिना म्हणली, हितनं फोटो जाईनात, नेट चांगलं लागंल तिथं पोचले की धाडते."

पल्लवी उभीच राहिली. तिनं धाडले की नाही? पोचली की नाही? करुणा कडेवर झोपून गेली होती आणि तिचं ओझं वाढत चाललं होतं. तांड्यामागं मोकळं रान होतं, पार डोंगरापर्यंत, आणि त्यात कुणीच नव्हतं.

घरी येऊन तिनं मुकादम शोधला, त्याचा फोन लागत नाही. पोलीस म्हणतात, शोधतोय. ऊस केवढ्या मुलखात उभा आहे आणि त्यात तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या किती पडल्यात, याचा हिशेब कुणापाशी नाही. वरच्या पोस्टवर वसराम आहे, आणि त्याच्याबरोबरची माणसं आहेत.

म्हणून पल्लवीचं तुम्हाला मागणं आहे. तुमच्या शिवारात ऊसतोडीच्या कोप्या पडल्या असतील, तर आज एक चक्कर टाका. मिना म्हणून हाक मारा. हनुवटीवर हिरवं गोंदण, बोलायला चुरचुरीत, भावाचं एक लेकरू कडेवर आणि एक पदराला धरून असेल. भेटली तर आधी तिच्या हातातला फोन घ्या, आणि तिला सांगा, पुसेगावच्या वैनीचा निरोप आहे. एकही फोटो धाडू नको. तो साहेब आपला न्हाई.